झाडाची लोकर आणि आमची पऱ्हाटी

यवतमाळ, जुम्मा

आदरणीय रहमत मामूंना इम्तियाजचा आदाब.

तुमचा गुडघा कसा आहे आणि मामीची शुगर ताब्यात आहे की अजून चोरून जिलबी चालते, ते कळवा. आम्ही सारे खुशाल. (पत्र मराठीत लिहितोय, कारण कळंबच्या शाळेत मराठी तुम्हीच शिकवलंत, चुका निघाल्या तर अर्धा दोष तुमचा.) फोन केला असता, पण तुमची भाचेसून फरहाना शेजारी उभी राहून माझं बोलणं दुरुस्त करते.

आपली आरिफा नर्सिंग संपल्यापासून जर्मन शिकतेय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (तिकडच्या दवाखान्यात निवड झाली तर ती जर्मनीला जाणार, हे मी आजवर ऐकून न ऐकल्यासारखं करत आलो.) दुकानात गाद्यांच्या ढिगावर बसून ती शब्द पाठ करते आणि मी कापूस पिंजतो. एकदा सहज विचारलं, तिकडे कापसाला काय म्हणतात? म्हणाली, ‘बाउमवोले’, म्हणजे झाडाची लोकर. मामू, मी मशीनच बंद केलं. बापजाद्यांनी ज्या मालावर पोट भरलं, त्याला लोकर म्हणतात? तेव्हापासून मला नादच लागला. आरिफा शोधून सांगते आणि मी गिऱ्हाइकांना ऐकवतो. इंग्रजांचा कॉटन, फ्रेंचांचा कोतों, डचांचा काटून, ही सगळी अरबांच्या ‘कुत्न’ची लेकरं. स्पेनवाल्यांनी तर अरबीतला ‘अल’सुद्धा सोडला नाही, गोणीसकट कापूस तोलावा तसं ‘अल्गोदोन’ करून टाकलं. क्रोएशियात (हा देश कुठे आहे ते मला विचारू नका) पामुक म्हणतात. ते तुर्कांकडून आलं आणि तुर्कांनी इराण्यांकडून घेतलं. जुन्या रोमन लोकांचा ‘कार्बासुस’ मात्र आपल्या संस्कृत कर्पासाच्या घरातला. जर्मनांनी कुणालाही न विचारता घरबसल्या नाव ठेवलं. हिंदुस्थानात झाडाला लोकर लागते असं कुणीतरी युरोपात सांगितलं होतं म्हणे, आणि काही शहाण्यांनी झाडाला लागलेल्या कोकराची चित्रंही काढली!

मारेगावचे पुंडलिकराव घरचा कापूस घेऊन गाद्या भरायला आले, त्यांनाही हे सांगितलं. ते म्हणाले, “कापूस कोठून आला ते मले काहून सांगून राह्यला? माह्या वावरातून आला. गाद्या कवा देतं ते सांग.” आमच्या विद्येची इथे ही कदर.

मागच्या आठवड्यात आरिफाची मुलाखत झाली, मोबाइलवरच. घरी रेंज नसते म्हणून दुकानात. तोंड उघडायचं नाही, अशी मला ताकीद होती. पलीकडे पांढऱ्या केसांच्या एक बाई. आरिफाचं पाठ केलेलं संपलं आणि ती अडखळली. बाईंनी वडिलांचा धंदा विचारला असावा, कारण तिच्या उत्तरात तो ‘बाउमवोले’ आला. मला राहवलं नाही. चुलीसाठी ठेवलेली कपाशीची वाळकी पऱ्हाटी बोंडांसकट उचलली आणि मोबाइलसमोर नाचवली. “मॅडम, झाड नाही! पऱ्हाटी! कमरेएवढी राह्यते!” फरहानानं कपाळावर हात मारला. आरिफा रडवेली होऊन म्हणाली, “अब्बा, असं काहून करून राह्यले तुम्ही?” मी हबकलो. पोरीची सगळी मेहनत मातीत घातली असं वाटलं.

पण बाई हसल्या. चष्मा लावून बोंड न्याहाळू लागल्या. त्यांनी जन्मात कपाशी पाहिली नव्हती. सरकी कुठे असते, वेचतात कसं, त्या विचारत गेल्या आणि आरिफा हातवारे करत, चुकत, सावरत सांगत गेली. वेचणीआधी वावरात सीतादहीच्या पूजेला दहीभात ठेवतात, तेसुद्धा सांगितलं. यातलं काहीच तिनं पाठ केलेलं नव्हतं. मला एक अक्षर कळलं नाही, पण माझी मुलगी इतकी न भिता बोलते हे मी पहिल्यांदा पाहिलं आणि ऊर भरून आला. परवा कळलं, तिची निवड झाली. अब्बामुळे झालं, असं फरहाना मोहल्लाभर सांगत फिरतेय. खरंच आहे. माझ्या हातानं माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

मामीला सलाम.

तुमचा भाचा,
इम्तियाज

ता.क. तिच्यासाठी रजई भरली होती. विमानात वजन चालत नाही म्हणून कापूस काढत गेलो. आता तिची उशी झालीय.

आणखी ता.क. पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. नागपूरहून तिला विमानात बसवून द्यायला तुम्ही या. मी गेलो तर ऐन वेळी म्हणेन, बेटा, नको जाऊ. आणि मामू, ती थांबेल.