आठ शेगड्या

३ जून
आज कामावर रुजू झाले. फोटो स्टुडिओची मागची खोली, एक टेबल, एक खिडकी, आठ कोअरचा, म्हणजे एका वेळी आठ कामं करू शकणारा संगणक. स्कॅन केलेले चाळीस हजार जुने फोटो छोट्या फाइलींत बदलायचे आहेत. लेकीच्या लग्नाचे फोटोही इथलेच, रांगेत सर्वांत शेवटी. त्या लग्नाला हे नव्हते. आदल्या वर्षीच गेले. मागे राहिली ह्यांची संगणकाची पुस्तकं. घर खायला उठायचं, म्हणून ती वाचत गेले आणि शिकले.

४ जून
एकेक फोटो बदलत बसले तर महिना जाईल. मालक म्हणाले, बाई, शेगड्या आठ आणि तुम्ही एकीवरच पाणी तापवताय! आठ फोटो एकदम बदलणारी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहिली. संगणकात जागा पुरेना, म्हणून फोटो बदलला की मूळ फोटो पुसायचा, अशी ओळही घातली. तो शहाणपणा माझाच. लेक फोनवर हसली. म्हणाली, आई, आता मलाच शिकव.

६ जून
आठही कामांना तात्पुरत्या फाइलीचं एकच नाव दिलं होतं. फोटो एकमेकांत मिसळले. नवरीच्या खांद्यावर मिशीवाला चेहरा! कितीतरी दिवसांनी एकटीच हसले. मग प्रत्येकाला वेगळं नाव दिलं.

७ जून
कुणाच्या तरी घरच्या फोटोत, दारात हे उभे. खिसा मी निळ्या दोऱ्याने शिवलेला, तोच सदरा. मालक म्हणाले, आले असतील पाहुणे म्हणून. पण फोटो ह्यांच्या जन्माआधीचा आहे.

८ जून
एकेक फोटो बदलला की हे नसतात. आठ एकदम बदलायला सोडले की असतात. सोळा सोडले, तर जवळ येतात.
शाळेतल्या वर्गाचा फोटो. खाली नावं तीस. मुलं एकोणतीस, तिसाव्याच्या जागी हे. मूळ फोटो पुसला गेलाय.
थांबायला हवं. पण लग्नाचे फोटो अजून यायचेत.

९ जून
बत्तीस सोडले. हे समोर बघतात. प्रत्येक फोटोत ओठ निराळे. ओळीने लावून पाहिले. मला वाटलं, हाक मारतात. नाही — बंद कर म्हणतात.
स्क्रिप्ट थांबवली. सुटलेली बत्तीस कामं थांबत नाहीत — पुसायची ओळ तशीच — लग्नाचा गठ्ठा —

दुपारी
लग्नाच्या फोटोत हे माझ्या शेजारी. खांद्यावर हात. जावई एकटेच उभे.
लेकीचा फोन लागत नाही. जावयांना लावला. मला आई म्हणणारे ते — म्हणाले, काकू, कोण हवंय तुम्हाला?
तिचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि