जोडलेली पानं

फ्रिस्को, ९ मार्च २००६

आज लायब्ररीतून अखेर माझ्या थीसिसच्या पोलिश कायदेपंडिताचं पुस्तक आलं. शंभर वर्षांपूर्वी ‘मृत्युदंड नको’ म्हणणारा माणूस. आणि पानं अजून कडेला जोडलेलीच! असली जुनी पुस्तकं वाचणाऱ्यानेच कापून वाचायची असतात. म्हणजे हे आजवर कोणीच वाचलं नाही. याच्यासाठी मी पोलिश शिकले?

स्वयंपाकघरात सुरीने पानं कापत बसले. घरमालकीण सुधाकाकू म्हणाल्या, “अगं, इथे टेक्ससमध्ये अजून देतातच की मृत्युदंड. काय उपयोग झाला त्याच्या लिहिण्याचा?” माझा थीसिस तरी कोण उघडणार?

ती जोडलेली पानं... निम्म्यावर सुरी ठेवून दिली. पुस्तक उद्या परत करते. पुढे कोणी उघडलंच, तर त्याला दिसेल, कोणीतरी इथपर्यंत आलं होतं आणि थांबलं.