साखळीआडचं घर

४ मार्च, मंगळवार

पाय ठणकतायत. लिफ्ट बंद! विजेची तपासणी करायला आलेले आम्ही, आणि आम्हीच जिने चढतोय.

बोर्ड, प्लग, गिझर, अर्थिंग – प्रत्येक घरात तेच. दार उघडलं नाही तर चिठ्ठी लावून परत जायचं. तिसऱ्यांदाही नाही उघडलं, तर त्या घराची लाईन तोडायची. नियम करणारा जिने चढला नसावा कधी.

चौथ्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं घर. आज दुसरी फेरी. साखळी लावूनच दार उघडलं. फटीत म्हातारा.
"आत्ता नको."
"मग कधी?"
"कधीच नको."
दार धाडकन बंद. आत बाई किंचाळत होती. जिन्यावर शेजारीण पुटपुटली, "मारतो तिला."

५ मार्च, बुधवार

ठेकेदार म्हणतो, "सोमवारी तोड लाईन. कुणाकुणाच्या विनवण्या करत बसणार?" ही नोकरी सोडावी असं रोज वाटतं. रोज बूट घालतो.

आईला फोन राहिला.

७ मार्च, शुक्रवार

काम सुटल्यावर परत चढलो चार मजले. का, ते विचारू नका. गणवेशाचा निळा शर्ट काढून पिशवीत कोंबला होता, घामानं आंबला होता म्हणून.

म्हातारा फटीतूनच बोलला. बायकोच्या डोक्यात सगळं विस्कटलंय. गणवेशवाले, हत्यारंवाले दिसले की बिथरते.
"लाईन तोडतील, आजोबा."
"तोडू दे. जीव नको तोडू माझा."

तेवढ्यात मागून ती आली. माझ्याकडं निरखून बघितलं – आणि हसली!
"अहो, भाऊजी आलेत. दारात काय उभं करताय?"

मग साखळी निघाली. म्हातारा कानात म्हणाला, "माझा धाकटा भाऊ. केव्हाच गेला बिचारा."

टेस्टर खिशातच होता. झालो भाऊजी.

१० मार्च, सोमवार

ठेकेदाराकडं आठवडा मागितला. आधी शिव्या दिल्या, मग आठवडा. आता काम सुटल्यावर साध्या कपड्यात जायचं, एका वेळी एक खोली. जास्त वेळ थांबलो की ती थकते, मग आवरत नाही.

आज बाहेरची खोली. बोर्डामागं वायरी जळून काळ्या! बदलल्या. ती शेजारीच बसून होती.
"केस कापा की, भाऊजी. या जंगलात कोण मुलगी देईल?"
"तुम्हीच बघा ना एखादी, वहिनी."
"बघितली होती. पळून कोण गेलं?"

म्हातारा तोंड फिरवून हसला.

१२ मार्च, बुधवार

स्वयंपाकघर ठीक. म्हातारा ठीक नाही.

रविवारी लेक येणार, आईला वृद्धाश्रमात न्यायला. "आंघोळीला बसवलं की ओरबाडते मला. रोजची लढाई. माझ्यानं होत नाही रे आता." मनगटं ओरखड्यांनी भरलेली. चहा तसाच निवला.

१४ मार्च, शुक्रवार

न्हाणीघर तेवढं राहिलं होतं. गिझर लावायला सांगितला. वहिनी दारातच थबकली.
"हात लावू नका, भाऊजी. चावतं ते."
"ऐकलंस? वर्षभर हेच पालुपद," म्हातारा वैतागून म्हणाला.

टेस्टर नळाला टेकवला. दिवा पेटला!

नळाला!

गिझर बंद केला – विझला. लावला – पेटला. अर्थिंगची तार तुटून लोंबत होती आणि गिझरमधला करंट नळात उतरत होता. म्हाताऱ्याला दाखवलं. तो तिथंच स्टुलावर बसला. मग – "म्हणजे ती खरं सांगत होती?"

मेन बंद करून गिझर उतरवला.

१६ मार्च, रविवार

सुट्टी असून गेलो. नवा गिझर, नवी तार, दोनदा तपासलं. बाहेर लेकीनं भरलेली बॅग.

वहिनी काही केल्या आत जाईना. शेवटी लेकीनं स्वतःचा हात नळाखाली धरला. "बघ आई, नाही चावत." मग दोघी आत गेल्या, दार लोटलं.

आम्ही दोघं बाहेर. कान तिकडं. पाण्याचा आवाज येत राहिला. किंचाळी नाही. मध्येच वहिनीचा आवाज – "पाठ नीट चोळ गं."

लेक बाहेर आली. बाह्या ओल्या, डोळेही. बॅग उचलली, आत नेली, साड्या परत कपाटात लावल्या.

१७ मार्च, सोमवार

म्हाताऱ्याचा फोन. "पोरा, एक विचारू? मी स्वतः गार पाण्यानंच करतो, पण तिला तर मीच दाबून बसवायचो त्या पाण्यात. वर्षभर. मला कसा कधी झटका बसला नाही?"

काल न्हाणीघराच्या दाराशी म्हाताऱ्याच्या चपला बघितल्या होत्या. तिला आंघोळ घालताना घसरू नये म्हणून घेतलेल्या. जाड रबराच्या. ती अनवाणी असायची.

म्हटलं, "नशीब, आजोबा."