डावीकडचा स्पीकर

३ मार्च
डावीकडचं कमी येतंय. आज घरी गाणं लावलं तर परत तेच, बाई सगळी उजवीकडे सरकून गातेय. वायरी हलवल्या, ॲम्प्लिफायर पुसला. फरक शून्य. नवरा म्हणाला, "मला तर दोन्हीकडून सारखंच येतंय." सुतार माणूस, दिवसभर करवतीच्या आवाजात. त्याचं काय ऐकायचं!

५ मार्च
एकदाचं लिहूनच टाकते. बिघाड कानात असला तर?

माझं पोट कानांवर आहे. नाटकांच्या रेकॉर्डिंगमध्ये कोणाचा आवाज किती वर, किती खाली, हे मी ठरवते. आज दिग्दर्शक म्हणाला, "ताई, डावीकडचा दरवाजा फार जोरात आपटतोय." म्हटलं, मुद्दाम ठेवलाय. थाप मारली.

९ मार्च
कान दाखवून ये म्हणून नवरा मागे लागलाय. आधी यंत्र बदलू दे. तो ॲम्प्लिफायर म्हातारा झालाय, दोष त्याचाच. आता आतच ॲम्प्लिफायर असलेले स्पीकर घेणार. प्रत्येक खोक्यात आपापला, त्याला हवा तेवढाच, कारखान्यातूनच जुळवलेला. या स्पीकरला तो ॲम्प्लिफायर चालेल का, ही कटकट नाही. वायरींचं जंजाळ नाही. वीज द्या, फोन जोडा, ऐका.

एवढं करूनही डावीकडचं कमी आलं, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे. याला शब्द दिलाय.

१४ मार्च
आले! याने स्टँड बनवले, स्वतःच मांडले, मागे वाकून बराच वेळ खुडबुडत होता. मी डोळे मिटून खुर्चीत, देवाचा धावा करत. गाणं लागलं — बाई बरोबर मधोमध.

रडले. "झालं समाधान?" म्हणाला. त्याचं तोंड एवढंसं. स्टँडचं पॉलिश नीट बसलं नसेल.

१५ मार्च
कान ठणठणीत. उगाच साप साप म्हणून भुई धोपटत होते.

२१ मार्च
दिग्दर्शकाची परत डावीकडची तक्रार. या वेळी बाकीच्यांनीही माना हलवल्या. तडक घरी आले. स्पीकरची अदलाबदल केली. आवाज धाडकन उजवीकडे. मागे हात घातला. यांना प्रत्येकाला आवाजाचं आपलं वेगळं बटण असतं. एकाचं मधोमध. जो इतके दिवस डावीकडे होता, त्याचं पार शेवटपर्यंत पिळलेलं.

"तू केलंस?"

"हो." मान खाली. "किती घाबरली होतीस. म्हटलं, एक दिवस तरी सुखाने ऐकशील. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. पण तू इतकी खुशीत होतीस..."

नाही नाही ते बोलले त्याला. मग दोन्ही बटणं सारखी केली. बाई परत उजवीकडे गेली. आता दोष द्यायला यंत्रही उरलं नाही. फार भीती वाटतेय.

२३ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आठवडाभर आधी आला असतात, तर औषधाने डाव्या कानाचं ऐकणं बहुतेक परत आलं असतं."

हा बाहेर बाकावर बसला होता. "काय म्हणाल्या?"

म्हटलं, "आधी आले असते तरी उपयोग नव्हता म्हणे."