बंद घराकडून येणारी हवा

शिरूर कासार,
मार्गशीर्ष वद्य पक्ष

श्रीयुत प्रविणराव यांस,

वयाने आशीर्वाद आणि नात्याने नमस्कार. (दोन्ही एकाच पाकिटात पाठवीत आहे, जावयाने हवे ते ठेवून घ्यावे.) चि. वर्षाराणीची प्रकृती उत्तम असेल आणि आपला गुडघा आता जिन्यावर कुरकुर करीत नसेल, असे समजतो. आमच्याकडे माझे क्षेम आहे. आपल्या सासूबाईंचे कसे आहे, हे सांगण्यासाठीच हे पत्र असल्यामुळे ते एका वाक्यात उरकत नाही.

आपण पाठविलेले हवा शुद्ध करण्याचे यंत्र सुखरूप पोहोचले. सोबतची मराठी माहितीपुस्तिका मात्र प्रवासात जबर जखमी झालेली दिसते. मी तांबड्या शाईने तिची शुश्रूषा केली असून ती आता यंत्राशेजारी विश्रांती घेत आहे. आपण दूरध्वनीवर जे बजावलेत, तेही माझ्या ध्यानात आहे. संक्रांतीपर्यंत यंत्राचा दिवा दिवसभर निळा, म्हणजे हवा स्वच्छ, राहिला तर ठीक. मधूनच तांबडा होऊ लागला तर सासूबाईंना पुण्यास आणायचे. बीडच्या डॉक्टरांचाही कौल आपल्याच बाजूने आहे. सत्यभामेचा दमा या वर्षी खरोखर बळावला आहे. परंतु पुण्याचे नाव काढताच ती म्हणते, “मी हितून हालणार न्हाई,” आणि कारण विचारले की स्वयंपाकघरात निघून जाते. संसारभर तिने एवढे संक्षिप्त उत्तर कधी दिलेले नाही.

आता गाळणीविषयी. आपण यंत्रात बसवून दिलेली गाळणी पुण्याच्या हवेला शोभणारी होती. तिच्यात धूर आणि दर्प शोषणाऱ्या कोळशाचा जाड थर होता. आमची हवा निराळी आहे. येथे खडीचे टिप्पर जाते, त्याच्यामागून रस्ता उठून चालू लागतो. तुरीची मळणी सुरू असल्यामुळे वाऱ्यावर भुसकट असते. आणि पावसाने तोंड फिरवलेल्या जमिनीची माती कोणत्याही निमित्ताची वाट न पाहता घरात शिरते. आपली गाळणी आठवड्याभरात मातीने लिंपून निघाली. कूलर दुरुस्त करणारा आमचा जुना विद्यार्थी लखन याला ती दाखविली, तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, ही पुण्याची नाजूक बाई हितं कावून आणली? हिला आपली माती पचणार न्हाई.” (हा मुलगा निबंधात कधी एक उपमा देऊ शकला नाही.) त्याने कोळशाची गाळणी काढून ठेवली आणि मातीसाठी धुता येणारी जाड जाळी, तिच्यामागे बारीक धुळीची गाळणी, अशी जोडी बसविली. जाळी मी स्वहस्ते धुऊन सावलीत वाळवितो. परिणाम असा झाला की दिवा सकाळपासून निळा राहू लागला आणि सत्यभामेची धाप निम्म्यावर आली. आपल्याला विजयाचे पत्र लिहिण्यासाठी मी लेखणीत शाईसुद्धा भरली होती.

परंतु दिवेलागणीला दिवा तांबडा होई.

हे का विचित्र आहे, ते समजण्यासाठी आपण आमच्या गल्लीची सध्याची अवस्था डोळ्यांपुढे आणावी. दिवाळी होताच टोळ्या ऊसतोडीला गेल्या. गल्लीतील सर्व दारांना कुलुपे आहेत आणि रिवाजाप्रमाणे सर्व किल्ल्या आमच्या घरी खुंट्यांवर टांगलेल्या आहेत. मागे राहिलो आम्ही दोघे आणि टोकाच्या घरातील धुळाजी, ज्यांना ऐकू येत नाही. संध्याकाळी टिप्पर नसते, मळणी थांबलेली असते, कुत्रीदेखील माणसांच्या मागे निघून गेली आहेत. अशा वेळी स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकून मी दोनदा मागे वळून पाहिले आहे. (व्यायाम म्हणून.) आणि नेमक्या त्याच वेळी, कोणीही नसलेल्या हवेत, यंत्राला काहीतरी सापडे.

मी शास्त्रीय पद्धतीने यंत्र घरभर फिरविले. ओसरीत निळे, माजघरात निळे, देवापाशी उदबत्ती नसताना निळे. उत्तरेच्या भिंतीशी ठेवले की तांबडे. त्या भिंतीपलीकडे सावित्रीबाईंचे घर आहे. सावित्रीबाई मुलाला आणि पोटुशी असलेल्या सुनेला, वैष्णवीला, घेऊन दूरच्या कारखान्यावर गेल्या आहेत. त्यांच्याही दाराला कुलूप आहे. मी भिंतीच्या भेगेला नाक लावले. बाभळीच्या लाकडाचा धूर होता आणि त्यात भाजल्या जाणाऱ्या भाकरीचा वास होता.

लखनला विचारले, तर त्याने यंत्राचा हवा जोखणारा डोळा पुसून दिला. धुळाजींना (हातवारे करून) विचारले, तर ते माझ्याकडे दयेने पाहत म्हणाले, “सावित्रीची चूल हाय ती. रोज पेटती. तुमाला आत्ता कळालं व्हय, गुरुजी?”

भूत ही कल्पना मला मान्य नाही, हे आपण जाणताच. म्हणूनच दुसऱ्या दिवशी दिवेलागण होऊन गेल्यावर मी खुंटीवरून किल्ली घेतली आणि ते घर उघडले. आत भांडी पालथी होती, अंथरुणे वळकटी करून आढ्याला बांधलेली होती. चूल नुकतीच सारवलेली होती. पोतेरे फिरविणाऱ्या बोटांचे ओले वळ दिसत होते. मी राखेवर तळहात टेकविला. राख उबदार होती. मी कुलूप लावले, पुन्हा ओढून पाहिले, आणि पळालो असे कोणी म्हणू नये म्हणून अत्यंत सावकाश घरी आलो. वाटेत पाहणारे कोणी नव्हते, हे मला घरी पोहोचल्यावर आठवले.

सत्यभामा निवडायला तूर घेऊन बसली होती. माझ्या हाताची राख पाहून तिने सूप खाली ठेवले.

“मीच पेटवते,” ती म्हणाली. “खुंटीवरची किल्ली घेते, आपल्या मागच्या दारानं जाते. तुमी वाचत बसलेले असता.”

मग तिने सगळे सांगितले. गल्लीत बायकांचा एक रिवाज आहे. (तो मला ठाऊक नव्हता, मी या गल्लीत केवळ जन्मापासून राहतो.) ज्या घरची बाई अवघडलेली असताना उसाच्या फडावर जाते, त्या घरची चूल ती मोकळी होईपर्यंत थंड पडू द्यायची नाही. मागे राहिलेल्या बायका पाळीपाळीने ती पेटवतात आणि एक भाकरी टाकतात. या वर्षी मागे राहिलेली बाई एकच. वैष्णवीचे पहिले मूल पोटातच गेले होते. म्हणून निघताना सावित्रीबाईंनी सत्यभामेचा हात धरून शब्द घेतला होता. आणि ही बाई, जिला डॉक्टरांनी फोडणीच्या धुराचीही मनाई केली आहे, रोज बाभळीच्या धुरात बसून फुंकणी फुंकत होती.

मी चिडलो. तिने सूप पुन्हा हाती घेतले.

“पुण्याला गेले तर कोन पेटवील?” ती म्हणाली. “तुमचं मशीन?”

तेव्हा त्या दिवसापासून चूल मी पेटवितो. चुलीत लाकडे कशी रचावीत, याविषयी कोठेही सुबोध लेखन उपलब्ध नाही. पहिल्या संध्याकाळी आमच्या यंत्राचा दिवा असा तांबडा झाला की माजघर तमाशाच्या तंबूसारखे दिसू लागले. माझी भाकरी धुळाजी खातात आणि वर दोन लोटे पाणी पितात. पण सत्यभामा आता त्या धुरात बसत नाही, एवढे आपण लक्षात घ्यावे.

वर्षाराणीस आशीर्वाद. तिने आईला दूरध्वनी करावा आणि पुण्याचा विषय काढू नये.

आपला,
विठ्ठलराव

ता. क. — मूळ विनंती लिहायची राहिली. लखनने काढलेली आपली कोळशाची गाळणी मातीने निकामी झाली आहे. तशीच नवी पाठवावी. जाळीच्या मागे बसविली असता ती लाकडाचा धूर शोषील, असे लखनचे म्हणणे आहे. तिला मी पुण्याची म्हणून नावे ठेवली, ती मागे घेतो. वैष्णवी मोकळी होईपर्यंत सासूबाईंना नेण्याचे स्थगित ठेवावे.

पुनश्च — पत्र टपालात टाकायचे राहिले, म्हणून हे जोडतो. काल तपासणीसाठी आम्ही दोघे बीडला गेलो होतो. येताना एस.टी. बंद पडली आणि दिवेलागण वाटेतच झाली. सत्यभामा साऱ्या वाटेत मावळतीकडे पाहत होती. गल्लीत वळलो तर सावित्रीबाईंच्या घरावर धूर होता. दाराला कुलूप होते आणि किल्ली माझ्या खिशात होती. धुळाजी आपल्या दाराशी बसून होते. त्यांनी मला पाहताच, मी त्या घरात नाही तर मग आत कोण, अशा अर्थाने हात हलविला. आमच्या घरात यंत्राचा दिवा लालभडक होता. सत्यभामा भिंतीला पाठ लावून त्याच्याशेजारी बसली. थोड्याच वेळात फडावरून सावित्रीबाईंचा दूरध्वनी आला: वैष्णवीला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

या प्रकारच्या धुरासाठी कोणती गाळणी बसवावी, ते पुस्तिकेत नाही. आपण कंपनीकडे विचारणा करू नये. सत्यभामा तो धूर जाईपर्यंत भिंतीशी बसून होती, आणि एकदाही खोकली नाही.