काचेवरची वाफ

कोरिस, १४ नोव्हेंबर

प्रिय हॉवेल,

इंगा गेल्याचं तुझं पत्र येऊन दीड वर्ष झालं. चार वेळा उत्तर लिहायला बसले आणि चारही वेळा मेंढ्या, पाऊस आणि माझे गुडघे यांच्यापुढे सरकले नाही. म्हणून आज गाडीबद्दल लिहिते. गाडीबद्दल आपल्याला नेहमीच बोलता आलं.

ऑर्कनीला जाताना तू आमच्या गोठ्यात ठेवून गेलास ती लाल गाडी मी पार सोलून काढली आहे. गालिचे, मागची बैठक, दारांची अस्तरं, सगळं गेलं. आत नुसता पत्रा आणि लोखंडी नळ्यांचा पिंजरा. इंजिन टेग्विनने बांधलं. सत्तरी उलटली, पण गॅरेजही चालू आहे आणि तोंडही. अडलं ते हीटरपाशी. बुटांबरोबर आलेलं पाणी पत्र्यावर साचतं आणि काच आतून पांढरी होते. जुना हीटर गोठ्याच्या कोपऱ्यात पडून होता, पण आठ किलोचा आणि गंजून गेलेला. मग आत बारीक तापत्या तारा असलेली काच पाहिली. बटण दाबलं की मिनिटात लख्ख, पण वीज इतकी खाते की चारही दिवे लावले की बॅटरी मान टाकते. शिवाय हात गारच राहतात. उरला तो इंजिनच्या गरम पाण्यावर चालणारा अडीच किलोचा छोटा हीटर, काचेच्या बुडाशी नळ्या सोडलेला.

"एवढा खटाटोप कशाला? फडकं ठेव की," टेग्विन म्हणाला. "नऊ वर्षं त्या हॉवेलची काच तूच पुसलीस ना?"

मी पाना शोधायच्या निमित्ताने बाहेर गेले.

तुला आठवत असेल, हीटर तूच काढून फेकला होतास. आठ किलो वाचले म्हणून दिवसभर शीळ घालत होतास. मग डोव्हीच्या जंगलातल्या रॅलीत, भर पावसात, मी मांडीवरचा नकाशा बघून वळणं ओरडायचे आणि मधल्या सरळ पट्ट्यात पट्टा सैल करून, तुझ्या अंगावरून वाकून तुझ्या बाजूची काच पुसायचे. माझं कोपर तुझ्या खांद्यावर टेकायचं. तेवढ्यापुरता तू श्वास रोखायचास. काच पुन्हा धुरकटू नये म्हणून, असं मी स्वतःला समजावायचे.

शेवटच्या रॅलीनंतर आपण गाडीच्या टपावर चहाचे पेले ठेवून उभे होतो. तू म्हणालास, "पुढच्या हंगामात हीटर बसवू या का गं? तुझे हात फार गारठतात." मी म्हणाले, "नको. वजन वाढेल." तू पेल्यातला उरलेला चहा ओतून दिलास आणि "बरं" म्हणालास. वसंतात तू मेंढ्यांच्या बाजाराला ऑर्कनीला गेलास आणि इंगाशी लग्न करून तिथलाच झालास. इंगा भली बाई होती, तिने विणलेले मोजे मी अजून घालते. पण हॉवेल, मला हीटर नको होता तो वजनासाठी नव्हे. हीटर आला असता तर काच पुसायला मी कशी वाकले असते? एवढं साधं वाक्य मला एकतीस वर्षं सांगता आलं नाही.

तर छोटा हीटर बसवला. मी एकटी तीन दिवस सकाळी गाडी जंगलात फिरवून आले, काच एकदम स्वच्छ. टेग्विन हसला. "एकटी बसून काय कळणार तुला? काच धुरकटायला दोन माणसं लागतात!" ओला कोट घालून तो शेजारी बसला, अखंड बडबडला, आणि दुसऱ्या वळणावर मला रस्ता दिसेना. मग आम्ही काचेच्या बुडाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत फट केली आणि दुसरा पंखा लावला. आता गरम हवा दोघांच्या श्वासालाही पुरते. एक नळी जास्तीची घेतली, ती डाव्या बैठकीकडे सोडली आहे, नकाशा धरणाऱ्याच्या हातांसाठी. "कुणाचे हात?" टेग्विनने विचारलं. मी नळीचा पट्टा आवळायला वाकले.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी डोव्हीत जुन्या गाड्यांची रॅली आहे. या वेळी गाडी मी चालवणार. अर्ज याच महिन्याच्या तीस तारखेला द्यायचा आहे. चालकाच्या रकान्यात माझं नाव घातलंय, शेजारचा रकाना मोकळा आहे. टेग्विन आपणहून म्हणाला, "मी बसतो." त्याला म्हटलं, तुला नकाशा दिसायचा नाही. त्याची नजर घारीसारखी आहे, हे त्यालाही ठाऊक आहे. तो माझ्या पाठीवर थाप मारून गेला. बोटीने आणि आगगाडीने मिळून तुला दोन दिवस लागतील. जमणार नसेल तर तसं कळव, मी त्या म्हाताऱ्याची माफी मागून त्याचं नाव लिहीन. पण हॉवेल, जमव. ये.

तुझीच (हे मी आजवर एकदाही लिहिलं नव्हतं),
एलिनेड