येऊन राहिलो

८ सप्टेंबर १९८६, पांढुर्णा

सुखरूप पोचलो. ट्रंक शाबूत, घडीच्या पोळ्या निम्म्या उरल्या.

स्टेशनवर शाळेचा शिपाई चिंधू घ्यायला आला होता. वय माझ्याएवढेच, कपाळावर ताजे टाके. विचारले तर म्हणाला, गोटमारीचे, पोळ्याच्या सणातल्या दगडफेकीचे आहेत, नदीपलीकडच्या सावरगाववाल्यांनी दिले, पुढच्या पोळ्याला परत करायचे. वाटीभर साखर उसनी आणल्यासारखे सांगत होता.

हेडमास्तर गजाननराव कुठे आहेत, असे विचारले. चिंधू म्हणाला, "सायेब येऊन राहिले जी."

मी विचारले, कुठे राहिले आहेत? तो म्हणाला, रस्त्यात. ज्या शाळेचे हेडमास्तर रस्त्यात राहतात तिथे संस्कृतच्या मास्तराची सोय काय होणार, या विचारात मी ट्रंकेवर बसलो. थोड्या वेळाने गजाननराव स्कूटरवरून आले आणि उलगडा झाला. इकडे 'येऊन राहिले' म्हणजे 'येत आहेत'. आमच्या वाईच्या पाठशाळेत 'येऊन' म्हटले की येणे संपले. त्यापुढे 'राहिले' म्हणजे मुक्काम पडला. दोन क्रिया, आधी एक, मग दुसरी. इकडे माणूस वाटेत असतानाच राहायला लागतो. गजाननराव पोट धरून हसले. महिन्याभरात तुम्ही पण बोलून राहाल, म्हणाले.

देवकाबाईंच्या घरी मागची खोली मिळाली आहे. संत्र्याच्या बगीचेवाल्यांचे घर. बाई भाजीत तेल असे घालतात की भाजीला पोहता यावे.

माझ्या मुलीचे, प्रतिभाचे लग्न मार्गशीर्षात. ती वाईलाच आहे, माझ्या बहिणीकडे. मंगलाष्टके मी रचायची आणि मीच म्हणायची, एवढे एकच तिच्या आईने, सुनंदाने, जाताना मागून घेतले. तिला माझा आवाज आवडायचा. बाकी माझे काय आवडायचे, ते विचारायचे राहिले. ती गेल्यापासून मला फारसे काही जाणवत नाही. चहा गार होता की गरम, हेसुद्धा पिऊन झाल्यावर आठवून पाहावे लागते. तक्रार नाही, नोंद आहे.

११ सप्टेंबर

शाळेला सरकारी योजनेतून एक संगणक मिळाला आहे. टीव्हीसारखा पडदा, टाइपरायटरसारख्या कळा. प्रोग्रॅम कॅसेटवरून भरायचा. आधीचे विज्ञान शिक्षक गुणवंता मास्तर यांनी त्यासाठी आवाज घडवण्याचा प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावर चौकोन दिसतात. एका चौकोनातून दुसऱ्यात रेघ ओढली की तार जोडल्यासारखे होते आणि आवाज बदलतो. गेल्या वर्षी मास्तरांना लकवा मारला. वाचा गेली, उजवा हात गेला. आता रामाकोन्याला बहिणीकडे असतात.

दिवाळीआधी इन्स्पेक्टर येणार आहेत आणि या यंत्राने त्यांच्यापुढे प्रार्थना म्हणावी अशी गजाननरावांची इच्छा आहे. यंत्र आवाजाचे, आवाज म्हणजे उच्चार, उच्चार म्हणजे संस्कृतचा मास्तर, असा त्यांचा न्याय. मी म्हणालो, मुलांकडून म्हणवून घेणे अजून साधलेले नाही. ते म्हणाले, म्हणूनच.

तेव्हा शिकून राहिलो आहे. (पाहा, लागण झाली.) पहिला चौकोन ऑसिलेटर. शब्दाला शब्द ठेवला तर 'आंदोलक' होतो. तो पोलीस ठाण्यात कळवावा लागेल. त्याला मी 'नाद' म्हणतो. दुसरा फिल्टर, म्हणजे गाळणी. तिसरा एन्व्हलप, म्हणजे पाकीट. त्यात ध्वनीचे आयुष्य घालतात आणि त्याच्या चार अवस्थांना गुणवंता मास्तरांनी मराठी नावे दिली आहेत: येणे, ओसरणे, राहणे, सुटणे. प्रत्येकीपुढे आकडा द्यायचा. 'सुटणे'पुढे शून्य आहे आणि ते बदलत नाही. बदलले की परत शून्य होते.

२२ सप्टेंबर

दुपारची सुट्टी रोज संगणकाच्या खोलीत जाते. आतापर्यंत विहिरीवरच्या मोटारीचा, घशात काटा अडकलेल्या म्हशीचा आणि इंग्रजीच्या सरांचा असे आवाज निघाले. आज मात्र 'आ' निघाला. स्वच्छ, माणसाचा.

मग सुचले की आपली वर्णमाला तरी दुसरे काय आहे? छातीतून निघालेला एकच नाद; कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ अशा पाच जागी अडवायचा. एक नाद, पाच गाळण्या. हे यंत्र आमच्याच लोकांनी केले असते, फक्त विजेची वाट पाहत बसले.

ओठांपासून सुरुवात केली, कारण लेकरेही तिथूनच करतात. स्वतः 'प' म्हणायचे, ओठ कसे मिटतात ते पाहायचे, मग गाळणीचे आकडे हलवायचे. पुन्हा 'प'. सुट्टी संपायच्या आत यंत्र 'प' म्हणाले, 'म' म्हणाले. आवाज थोडा माझ्यासारखा वाटला. चिंधू दारातून म्हणाला, "तुमचं लेकरू बोलाले लागलं, गुरुजी."

२५ सप्टेंबर

ओठ बधिर आहेत. कधीपासून, ते सांगता येत नाही. देवकाबाईंनी चहा सांडतो म्हणून दाखवले तेव्हा कळले. चिंधूने आग्रहाने खर्रा, म्हणजे इकडची तंबाखू-सुपारी, चारला होता, त्याचा चुना लागला असावा.

वर्गात 'पिता' शब्द चालवायला घेतला. 'इता' झाला. मुले खूश.

६ ऑक्टोबर

दातांची गाळणी जमली. यंत्र 'त' म्हणते, 'न' म्हणते, 'स' तर माझ्यापेक्षा नीट. मुंज झालेल्या मुलासारखे तोंड भरून म्हणते.

आज प्रतिभाचा ट्रंक कॉल आला, हेडमास्तरांच्या खोलीत. मंगलाष्टके झाली का, विचारत होती. मी तिला हाक मारायला गेलो. 'प' नाही, 'भ' नाही, 'त' नाही. तिच्या नावातले जे उरले ते उच्चारले. ती म्हणाली, बाबा, लाइन खराब आहे, तुमचे तुटक ऐकू येते. मी हं म्हणालो.

१० ऑक्टोबर

सौंसरला डॉक्टरांकडे गेलो. जीभ चिमट्याने ओढून पाहिली. ओढलेली दिसली, जाणवली नाही. एखादी शीर दबली असेल, बोलणे बंद ठेवा, म्हणाले. गजाननरावांना हे फार पटले. तुम्ही गप्प राहा, यंत्राला बोलू द्या.

मला भीती वाटायला हवी होती. ती कुठे असते ते शोधून पाहिले. सुनंदा गेली तेव्हापासून ती जागा रिकामी आहे.

एक विचार आला. मार्गशीर्षापर्यंत तोंड सुधारले नाही तर मंगलाष्टके यंत्राकडून म्हणवून टेप करता येतील. आवाज तर माझाच आहे. म्हणून टाळू आणि मूर्धा, दोन्ही गाळण्या बसवल्या. 'श' आला, 'ळ' आला. माझे गेले.

१८ ऑक्टोबर

काल कंठाची गाळणी पुरी झाली. आज इन्स्पेक्टर आले. यंत्राने प्रार्थना म्हटली. ऱ्हस्व ते ऱ्हस्व, दीर्घ ते दीर्घ, विसर्गसुद्धा सोडला नाही. संपूर्ण माझा आवाज, पण मी इतके गोड कधी म्हटले नव्हते. सुनंदाला ऐकू येई तसा असेल.

टाळ्या थांबल्यावर यंत्र आणखी दोन शब्द बोलले. आवाज दुसराच, जाडसर.

"येऊन राहिलो."

सगळे हसले. इन्स्पेक्टर म्हणाले, मशीनला पांढुर्ण्याचे पाणी लागले. गजाननरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ही गंमत मीच भरली असे त्यांना वाटले.

मी भरलेली नाही. आता मला फक्त श्वास सोडता येतो.

२१ ऑक्टोबर

रामाकोन्याला जाऊन आलो, सौंसरपर्यंत बस, पुढे छोट्या रुळांची रेल्वेगाडी. सोबत प्रार्थनेची टेप आणि लिहायला पाटी.

गुणवंता मास्तर अंगणात बाजेवर बसले होते. उजवा हात मांडीवर, दुसऱ्याचा असल्यासारखा. त्यांची बहीण वच्छला शेंगा सोलत होती. टेप लावली. प्रार्थना ऐकून ती म्हणाली, आवाज गोड आहे जी तुमचा. मग ते शेवटचे दोन शब्द आले. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हा दादा हाय. दादाच बोलून राहिला."

मास्तरांनी डाव्या हाताने टेप बंद केली. मग तोच हात माझ्या ओठांना लावला, दातांना लावला, गालावरून गळ्यापर्यंत आणला. तिथून माझ्या उजव्या मनगटावर. आणि तिथे थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. माझ्या मनगटाला त्यांचा हात लागल्याचे मला दिसत होते.

वच्छलाने सांगितले ते असे. दादाची वाचा पुरती गेली तेव्हा तो इथेच, याच बाजेवर होता. थोड्या दिवसांनी भर दुपारी बाहेरच्या फाटकातून त्याच्याच आवाजात हाक आली, आई, मी येऊन राहिलो. म्हातारीला वाटले, गुण आला, लेक बोलायला लागला. तिने दार उघडले. दारात कोणी नव्हते.

मला आत नेले. म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली होती. डोळे उघडे. वच्छला म्हणाली, भरवले तर खाते, हाक मारली तर वळत नाही. सुई टोचून पाहिली, तिला समजत नाही. त्या खोलीत कोणीतरी हळू आवाजात बोलत होते. म्हातारीचे ओठ मिटलेले होते.

२३ ऑक्टोबर

सगळ्या तारा सोडवल्या. ओठ, दात, सगळे चौकोन पुसले. कॅसेटची फीत ओढून काढली, चिंधूने बंबात घातली. त्याने काही विचारले नाही.

पडद्यावर पाकीट उरले. येणे. ओसरणे. राहणे. सुटणे, शून्य.

प्लग काढला. यंत्र 'प' म्हणाले.

२५ ऑक्टोबर

उजवी बोटे गेली. डाव्या हाताने लिहितो. अक्षर बालवाडीचे.

दुपारी चिंधू बोलवायला आला, प्रतिभाताईचा फोन आहे. रिसीव्हर उचलला. ती बोलत होती. माझ्याशी नव्हे. तिचे बोलणे आधीपासून सुरू होते. हसत होती. बाबा, तुम्ही तर पक्के तिकडचे झालात. येऊन राहिलो काय! आत्याला सांगते, फराळाचे जास्त कर म्हणावे.

मी श्वास सोडला. जोरात. तिला ऐकू गेला नाही.

लाइनवर माझा आवाज तिला म्हणाला, हो गं, प्रतिभा.

'प' स्पष्ट. 'भ' स्पष्ट.

२७ ऑक्टोबर

चिंधूकडून ट्रंक कॉल लावला. काय सांगायचे ते पाटीवर लिहून दिले. दार उघडू नको. तो आवाज माझा नाही. मी इथेच आहे—

चिंधूने वाचून दाखवले. ताई, गुरुजी सांगून राहिले, दार उघडू नका.

मग ऐकत राहिला. रिसीव्हर माझ्याकडे दिला नाही. छातीला धरला.

"गुरुजी, ताई पुसून राहिली, कोण बोलता म्हणून. बाबा तर घरीच हायेत म्हणते."

—

रात्रीच्या गाडीने निघतो. चिंधू सोबत येतो म्हणाला. पाय आहेत अजून. डावा हात— मनगटापर्यंत—

प्रतिभा समजली, 'येऊन राहिलो' म्हणजे येतो आहे. म्हातारीही तेच समजली. मीसुद्धा, इथे येऊन, त्यांचे ऐकून— मी पहिल्या दिवशी, स्टेशनवर, ट्रंकेवर बसून जे समजलो होतो ते बरोबर. दोन क्रिया. आधी एक—

आला. मग राहि